अथेन्सचा चौथा प्रश्न

त्या वर्षी आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त कोण बोलत असेल, तर मिक्सर. आबाजी, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, अमरावतीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि त्यांच्यासाठी आई रोज काहीतरी भरडत, वाटत, कुटत होती. पातोडीचा रस्सा, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी. एरवी आमच्याकडे संध्याकाळी पास्ता नाहीतर खिचडी. घरं भिंतीला भिंत लावून बांधलेली, त्यामुळे शेजारच्या बाईंनी एकदा दारात येऊन हसत विचारलंही, की तुम्ही घराचं काम काढलंय का. आई मिक्सर फिरवायची ती चटणीसाठी हे खरंच आहे, पण मला आता वाटतं, शेवटच्या त्या दोन आठवड्यांत तिला तो आवाजही हवा होता. मिक्सर चालू असला की कोणी कोणाला काही विचारू शकत नाही.

आबाजी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवण्यात आणि त्यावरून शिव्या खाण्यात त्यांचा जन्म गेला होता. पहाटे पाचला उठून, आंघोळ करून ते मागचं दार उघडून उभे राहायचे आणि आयर्लंडच्या पावसाची हजेरी घ्यायचे. "हा काय पानी म्हनावा? ना भिजवते, ना थांबते." सातला बाबा गाडी काढून ॲथलोनला निघायचे. तिथल्या एका टेलिकॉम कंपनीत ते इंजिनीअर होते. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आबाजी खिडकीतून बघत राहायचे. मी सोळा वर्षांची. नवव्या वर्षी इथे आलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बाहेर पडायची इंग्रजी, तीही इथल्या हेलाची. आई मराठीत रागवायची, मी इंग्रजीत उलट उत्तर द्यायचे, असा आमचा संसार चालला होता. आबाजींपुढे मात्र मराठीला पर्याय नव्हता. "तुह्या बोलन्यात हाडूक नाई पोरी," ते म्हणायचे, "नुसता पातय रस्सा." मी हसायचे, आणि पुढचं वाक्य जरा जपून बोलायचे.

इथल्या शाळेत मधलं एक वर्ष परीक्षेविना मिळतं, ट्रान्झिशन इयर म्हणतात त्याला. कोणी त्यात नाटक बसवतं, कोणी सुतारकाम शिकतं, बरेचजण नुसते लोळतात. मी मिस फॅलन यांच्या प्राचीन ग्रीसच्या वर्गात नाव घातलं. मिस फॅलन साठीला आलेल्या, उंच, कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. ग्रीकांवर त्यांचं प्रेम होतं, पण भाटगिरी त्यांना येत नव्हती. देवळाचे खांब डोळ्याला सरळ दिसावेत म्हणून मध्ये किंचित फुगवणारे कारागीर, डोंगराच्या कुशीत असं नाट्यगृह बांधणारे, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुजबुज ऐकू यावी, काठीच्या सावलीवरून अख्ख्या पृथ्वीचा घेर मोजणारा तो पठ्ठ्या, हे सगळं त्या रंगून सांगायच्या, आणि त्याच श्वासात म्हणायच्या, की या लोकशाहीत बायकांना मत नव्हतं, गुलामांना तर माणूस म्हणूनच मोजत नसत, आणि बाहेरगावाहून येऊन पिढ्यानपिढ्या शहरात राहिलेल्यांनी वेगळा कर भरायचा, पण नागरिक म्हणून मिरवायचं नाही. माझ्याकडे न बघता त्या हे म्हणाल्या. वर्गातल्या चौघांनी मात्र बघून घेतलं.

मला सगळ्यांत आवडली ती त्यांची चौकशी. अथेन्समध्ये बरेचसे अधिकारी मतांनी निवडत नसत, सोडत काढत. पण सोडतीत नाव निघालं म्हणून खुर्ची मिळत नसे. आधी त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करून सहा गोष्टी विचारायच्या. तुझे आईवडील कोण, कुठल्या गावचे? तुझ्या घरचे देव कोणते, त्यांचं ठाणं कुठे? तुझ्या पूर्वजांच्या समाध्या कुठे आहेत? तू आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? लढाईला गेला होतास का? मग साक्षीदार बोलवायचे. आणि शेवटी सभेला विचारायचं, या माणसावर कोणाला आरोप करायचा आहे का? कोणी पुढे आलंच तर त्यानं बोलायचं, मग आरोपीनं बोलायचं, मग मतं. अडीच हजार वर्षांपूर्वी शिकलेसवरलेले लोक कारभाऱ्याला विचारत होते की बाबा रे, तुझा म्हातारा जेवला का, हे ऐकून मला फारच गंमत वाटली. मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये पालकांसाठी अथेन्सची संध्याकाळ करायची ठरली, त्यात एका वडिलांची अशी खोटी चौकशी होणार होती, आणि प्रश्न वाचणारा सभेचा कारकून म्हणून मी हट्टानं माझं नाव पुढे केलं. आवाज मोठा होता आणि तो लोकांनी ऐकावा अशी हौसही मोठी होती.

ते सहा प्रश्न छापायला मी बाबांच्या टेबलाजवळच्या प्रिंटरकडे गेले, तेव्हा ट्रेमध्ये आधीच एक कागद होता. नागपूरजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक निवासाचा प्रवेश अर्ज. आबाजींचं नाव, वय, आहार शाकाहारी, रक्तदाब आहे, साखर नाही. खाली लिहिलं होतं, मुक्काम: तात्पुरता की कायम. 'कायम'वर बाबांनी बरोबरची खूण केली होती. बाबांच्या सगळ्या खुणा अशाच, नीट, चौकटीच्या बाहेर न जाणाऱ्या. मी वाचत असतानाच ते आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"बाबा, व्हॉट इज धिस? आबाजी घरी नाही जाणार?"

"हळू बोल." ते खुर्चीत बसले. "गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले तेव्हा अख्खा दिवस फरशीवर होते ते, मुक्ता. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा सापडले. इथे कायम ठेवता येत नाही, सगळीकडे विचारून झालंय माझं. तिथे परत एकटं ठेवू? तूच सांग."

"मग त्यांना सांगा ना तसं."

"सांगितलं तर ते ऐकून घेतील, अमरावतीला जातील आणि दाराला कडी घालून बसतील. मी ओळखतो त्यांना. नागपूरला उतरले की माझा चुलतभाऊ, तुझा विलासकाका, घ्यायला येईल आणि परस्पर तिकडे नेईल. चार दिवसांत माणसाला सवय होते. तोवर एक शब्द काढायचा नाही. प्रॉमिस?"

"ग्रँड," मी म्हटलं. इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. आबाजींचं विमान एकोणीस दिवसांवर होतं, अथेन्सची संध्याकाळ अकरा.

ते अकरा दिवस मी कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही, कारण रोज शाळेतून आले की मी आबाजींसमोरच बसत होते. आम्ही दोघं पाण्याचं घड्याळ करत होतो. अथेन्सच्या कोर्टात बोलणाऱ्याला वेळ मोजून द्यायचे, बुडाला भोक असलेल्या मडक्यातून पाणी खालच्या मडक्यात पडायचं, ते संपलं की भाषण संपलं. मी हे सांगितल्यावर आबाजींनी भलतंच घड्याळ केलं. स्टीलच्या वाटीला बारीक भोक पाडून ती बादलीत तरंगत सोडली आणि ती भरून बुडेपर्यंत दोघं बघत बसलो. "लग्नाचा मुहूर्त असाच पाहत आमच्या लहानपनी. वाटी बुडली का अक्षता." ग्रीकांचं पाणी आत येत नाही, बाहेर जातं, हे पटवायला मला दोन कप चहा लागले. मग मात्र ते पेटले. बागेच्या दुकानातून मातीच्या कुंड्या आणल्या, त्यांची भोकं मोठी म्हणून पुट्टी लावून बुजवली, मधे पेनची रिकामी कांडी बसवली, आणि फोनवर सेकंद मोजत ती कानशीनं घासत बसले. सहा मिनिटं म्हणजे सहा मिनिटं. "म्हंजे बोलनाऱ्याले पान्याची पायी," ते म्हणाले. पायी म्हणजे पाळी, कालव्याचं पाणी घ्यायची. "माह्याकडं कास्तकार येत भांडाले, का त्याले जास्त देल्लं, मले कमी. घड्याय दाखवलं का गप. चांगले होते तुहे ग्रीक लोक."

मी हो म्हणायचे आणि कुंडीत पाणी ओतायचे. ते घरी गेल्यावर काय काय करायचं आहे ते सांगत राहायचे. अंगणातला नळ गळतो, तो बदलायचा. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात बाबा त्यांना घेऊन गेले, तेव्हा मीही बरोबर होते. आबाजींनी अर्धा तास लावून एक पितळी नळ निवडला, आटे नखानं तपासले, फिरवून पाहिला. "अवी, हा माह्या मांगं बी टिकन," ते बाबांना म्हणाले. बाबांनी तो विकत घेतला, पिशवीत घातला आणि पिशवी गाडीपर्यंत स्वतः नेली. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्या रात्री जेवताना मी कारण नसताना आईवर ओरडले. आईला सगळं माहीत होतं. भांडी पुसताना ती एवढंच म्हणाली, "माझे आईवडील असते तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही गं. म्हणून मी गप्प आहे." आणि तिनं मिक्सर लावला. त्यात त्या वेळी काय होतं देव जाणे.

आता मी पोर्टलीशच्या हॉस्पिटलात काम करते. म्हातारी माणसं इथून बाहेर पडल्यावर कुठे राहतील, याची सोय लावणं हे माझं काम. महिन्यातून एकदा तरी कोणाचा मुलगा मला कॉरिडॉरमध्ये गाठतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, त्यांना एवढ्यात सांगू नका हं. चांगले असतात ते लोक. रडून डोळे लाल झालेले असतात. बाबाही चांगलेच होते, पण सोळाव्या वर्षी मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मला त्यांचा राग हवा होता.

अथेन्सच्या संध्याकाळसाठी आईनं दुकानातून जव आणले, भाजले, दळले आणि मिस फॅलननी लिहून दिल्याप्रमाणे मध आणि तेल घालून मळले. रोज सामान्य ग्रीक माणूस हेच खायचा म्हणे. आबाजींनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि हसायलाच लागले. "हे त सातूचं पीठ होय! गूळ टाक अन् दे." हॉलमध्ये लांब टेबलावर तो सातू, अंजिरं, ऑलिव्ह, मसुराचं सूप आणि चहाचा मोठा बंब. उंच खिडक्यांतून साडेसहाचं ऊन येत होतं. आम्ही पोरं चादरी गुंडाळून फिरत होतो. आबाजी पहिल्या रांगेत, नेहरू शर्ट, वर मफलर, पायात बाबांनी घेऊन दिलेले पांढरे बूट. त्यांच्या शेजारी आई. बाबा ॲथलोनहून तडक आले, ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात तसाच.

सोडतीसाठी आईनं डब्यातले काळे वाटाणे दिले होते, आणि एक पांढरा. नऊ वडील पुढे आले होते, नऊ वाटाणे टोपलीत. मिस फॅलननी आधीच सांगून टाकलं, की आज या हॉलमधले सगळे नागरिक, बायका आणि बाहेरून आलेलेसुद्धा, अथेन्सला काय वाटायचं ते वाटो. बाबांचा सहावा नंबर. त्यांनी हात घातला, मूठ उघडली, आणि पांढरा वाटाणा बघून ते आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तो कागद होता आणि चौथा प्रश्न काय आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मी वाचायला लागले. वडील कोण, गाव कुठलं? बाबांनी आबाजींचं नाव सांगितलं, मोर्शीजवळच्या खेड्याचं सांगितलं, आपलं नाव कानावर पडताच आबाजी ताठ बसले. घरचे देव कुठे? "किचनच्या प्रेसमध्ये, किटलीच्या वर," बाबा म्हणाले. प्रेस म्हणजे इथलं कपाट. हॉल हसला. समाध्या कुठे? "आमच्यात नसतात. आम्ही नदीला देतो," ते इंग्रजीत म्हणाले, आणि मागून कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "आह, दॅट्स लव्हली." मग मी चौथा प्रश्न वाचला, तू आईवडिलांना नीट वागवतोस का? माझा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला हेही लिहून टाकते.

"आय ट्राय," बाबा म्हणाले. पुन्हा हशा. कर? पगार दिसायच्या आधीच कापतात. लढाई? रोज सकाळी ॲथलोनचा रस्ता. टाळ्या पडल्या. बाबांच्या कपाळावर घाम होता.

"साक्षीदार," मिस फॅलन म्हणाल्या. मी आबाजींकडे वळून नुसता अर्थ सांगितला, की आता ह्यांच्या बाजूनं कोणीतरी बोलायचं असतं. बाबांनी मानेनं नाही म्हटलं, पण तोवर आबाजी उठले होते. ते येऊन बाबांच्या शेजारी उभे राहिले. "गुड बॉय," ते हॉलला म्हणाले. "व्हेरी गुड बॉय. एव्हरी संडे फोन." मग माझ्याकडे बघून, "सांग त्याइले, मी पडलो तवा हाच आला होता, दोन विमानं बदलून. पंधरा दिस माह्या उशाशी होता. आंघोय बी यानंच घालून देल्ली. सांग." मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा जमिनीकडे बघत होते. आबाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आता एकच वाक्य उरलं होतं. ते तीनदा वाचायचं, कोणी उठणार नाही, मग हार घालायचा, असं ठरलं होतं. या माणसावर कोणाला आरोप करायचा आहे का? पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी कागद टेबलावर ठेवला.

"मला करायचा आहे," मी मराठीत म्हटलं. "हा माणूस आपल्या वडिलांना फसवतो आहे. पुढच्या शनिवारी आबाजी नागपूरला उतरतील, तिथून त्यांना घरी नेणार नाहीत. वृद्धाश्रमात नेणार आहेत. कायमचं. अर्ज भरून झालाय आणि त्यांना कोणी सांगितलेलं नाही."

हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं मी प्राचीन ग्रीक पाठ केलंय. "फेअर प्ले टू हर!" कोणीतरी ओरडलं, म्हणजे इथलं शाब्बास. मिस फॅलनना ग्रीक येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पण घड्याळापाशी उभ्या असलेल्या मुलाला यातलं काही कळलं नव्हतं. आरोप झाला की वरच्या कुंडीचं बूच काढायचं, एवढं त्याला शिकवलं होतं. त्यानं काढलं.

पाणी पडायला लागलं. खालच्या कुंडीत त्याचा बारीक आवाज येत होता आणि आरोपी बोलण्याची सगळा हॉल मजेत वाट बघत होता. बाबांनी दोनदा तोंड उघडलं. आबाजींचा हात अजून त्यांच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला. आई खुर्चीच्या कडेवर आली होती.

"बाबूजी," बाबा मराठीत म्हणाले, "मी सांगणार होतो तुम्हाला."

"कवा?"

बाबांनी गळ्यातला पट्टा काढून मुठीत धरला.

"कवा सांगनार होता, अवी?"

"पोचल्यावर," बाबा म्हणाले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. "तुम्ही परत पडलात आणि मी इथे असलो तर? रोज रस्त्यात हाच विचार असतो. रोज. मला दुसरं काही सुचलं नाही हो." पुढच्या रांगेतल्या लोकांना अभिनय फारच चांगला वाटला असावा, कारण एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. उरलेला वेळ कोणी बोललं नाही. सहा मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि घड्याळ बरोबर आहे हेही. पाणी संपल्यावर मिस फॅलननी घाईघाईनं मत मागितलं, निर्दोष असेल तर हात वर करा. अख्खा हॉल वर. आईनं हात केला नाही. मी केला नाही. आबाजींनी लोकांकडे एकदा वळून बघितलं, अंदाज घेतला, आणि आपला हात वर केला.

घरी पोचलो तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. आबाजी मफलरही न काढता किचनच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "कागद आन." बाबांनी अर्ज आणून दिला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, बोट ओळीखाली धरून. मग विचारायला लागले. पाणी किती वाजता येतं? खोलीत दुसरं कोण? खिडकी कोणत्या अंगाला? संडासात धरायला दांडी आहे का? माणसं बोलणारी आहेत का नुसती पडून राहणारी? बाबा प्रत्येक प्रश्नाला वेबसाइटवर काय होतं ते सांगत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर त्यांना 'माहीत नाही' म्हणावं लागलं.

"तू पाह्यलंच नाई काय थे?"

"नाही बाबूजी. विलास बघून आला."

"मंग तू चाल माह्यासंग. दोघं जाऊन पाहू. जमलं त राहीन. नाई जमलं त अमरावती." त्यांनी कागदाची घडी केली आणि आपल्या खिशात ठेवली. "अन् हे 'कायम' मी लिहीन, मले लिवा लागलं त." बाबांनी तिथेच फोन काढून रजेचा मेल लिहिला. आईनं ताटं घेतली. त्या संध्याकाळी सगळे जेवलो, ते मला अजून खरं वाटत नाही.

मी मात्र वाट बघत होते. मी त्यांना वाचवलं होतं, निदान माझा तसा समज होता, आणि आबाजी माझ्या डोक्यावरून हात फिरवतील अशी माझी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे मागच्या दारात उभे होते, मी जाऊन शेजारी उभी राहिले. "आबाजी, तुम्ही बाबांवर रागावलात का?" मी विचारलं.

"त्याच्यावर नाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुह्यावर."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुले माहीत होतं. किती दिस?"

"अकरा."

"अकरा दिस माह्यासमोर बसून होती. दोघंच होतो कुंडीपाशी. तवा काऊन नाई बोल्ली? दोनशे लोक जमा झाले तवा तोंड उघडलं. त्याले बी लोकांत रडवलं अन् मले बी लोकांतच समजलं." ते ओरडत नव्हते, हिशेबानं बोलत होते. "खरं बोल्ली. पन कोनासाठी बोल्ली, थे तू पाय." मी तिथेच पायरीवर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, आणि थोड्या वेळानं आत जाऊन चहा टाकला, दोन कप.

बाबा त्यांच्याबरोबर गेले. दोघांनी ते निवास पाहिलं, आबाजींनी दोन खोल्या नापसंत केल्या, तिसरी घेतली. चार वर्षं राहिले. दर रविवारी मी फोन करायचे, आणि हॅलोच्या आधी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "काय लपवून ठेवलं हाय, थे आंधी सांग." पहिल्यांदा मला ते टोचलं. मग मी खरंच सांगायला लागले. परीक्षेत नापास झाले ते आईच्या आधी त्यांना कळलं. नर्सिंग सोडून दुसरं काही करायचंय, तेही. एका मुलानं मला नाही म्हटलं तेव्हा ते पंधरा मिनिटं त्याच्या खानदानाची चौकशी करत होते. माझ्या मराठीत हळूहळू हाडं भरली असावीत, कारण नंतर नंतर त्यांनी रश्श्याचं नाव काढलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात बाबा नागपुरात होते. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून जे सांगायचं ते बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि बाबांनी मला फोन करून, रडत रडत, आबाजींना एवढ्यात कळता कामा नये असं बजावलं. रविवारी मी फोन लावला. पलीकडून ठरलेलं वाक्य आलं. मी विचारलं, खोलीत कोण आहे? कोणी नव्हतं. दार लोटलेलं आहे ना, असंही विचारलं. मग मला जेवढं कळलं होतं तेवढं सगळं सांगितलं. तिकडे पंख्याचा आवाज येत होता.

"किती दिस?"

"दोन महिने म्हणतात. कदाचित तीन."

पुन्हा नुसता पंखा. मी हॅलो म्हटलं नाही.

"अवीले सांगू नको का मले माहीत हाय," ते म्हणाले. "त्याले त्याच्या तोंडानं सांगू दे. मी वाट पायतो."

बाबांनी त्यांना गुरुवारी सांगितलं.